ज्युदो: मुलं रांदोरीत (मोकळ्या सराव-लढतीत) मिनिटभरात गळतात, मदत हवी आहे

कुमीकाता:
माझ्याकडची मुलं उचिकोमी (न फेकता फेकीच्या प्रवेशाचा पुन्हा पुन्हा सराव) झकास करतात. रांदोरी लागली की मिनिटभरात धापा टाकतात, हात भरून येतात, एकही फेक लागत नाही. स्पर्धा तोंडावर आहे. दम वाढवायला काय करू? लवकर सांगा.

जुना_खेळाडू:
रोज पहाटे पळवा. आम्ही असेच तयार झालो.

निळा_गी:
अहो, वय काय? किती वर्षं शिकतायत?

दोरखंड:
पळून पकड येत नाही. दोर चढायला लावा, नाहीतर बारवर गी (ज्युदोचा जाड अंगरखा) टाकून लटकू द्या.

कुमीकाता:
११ ते १३. दीडेक वर्ष झालं. पण प्रश्न दमाचा आहे, वयाचा नाही!

वजनकाटा:
स्पर्धेआधी दोन किलो उतरवायचे तर आदल्या दिवशी पाणी बंद.

निळा_गी:
वजनकाटा, वाढत्या मुलांचं पाणी तोडायला कृपया सांगू नका. आहे त्या वजनगटात खेळू देत.
कुमीकाता, उचिकोमी जागेवर उभं राहूनच घेता का?

कुमीकाता:
हो. जोडीदार उभा, दहा-दहाचे सेट.

जुना_खेळाडू:
२०१३ला पायाला हात लावायची पूर्ण बंदी आली, तेव्हापासून निम्मा ज्युदो गेला. मोरोतेगारी, दोन्ही पाय धरून पाडायची, काय सुंदर फेक होती!

दोरखंड:
त्यासाठी वेगळा धागा काढा की.

निळा_गी:
मग दम नाही, कुझुशी (समोरच्याचा तोल मोडणं) कमी पडतेय. उभा जोडीदार आयताच मिळतो. रांदोरीत समोरचा हलतो, मग मुलं नुसत्या ताकदीने ओढतात, श्वास कोंडतात. चालत उचिकोमी घ्या. सेओइनागेत (खांद्यावरून टाकायच्या फेकीत) जोडीदार पाऊल पुढे टाकतो, वजन त्या पायावर येऊ लागतं, नेमकी तेव्हाच ओढ. बाही ओढणारं मनगट घड्याळात बघितल्यासारखं वळायला हवं. पकड करंगळी-अनामिकेत, खांदे सैल. शेवटी थोडं नागेकोमी (जोडीदाराला खरंच फेकायचा सराव), म्हणजे फेक पूर्ण होते.

दोरखंड:
तरी दोर हवाच.

निळा_गी:
असू दे, पण रांदोरीनंतर. आधी हात थकवले तर पकड शिकवणार कशी? आणि थकलेल्या मुलांना ओसोतोगारी (पाय मारून मागे पाडायची फेक) देऊ नका. हनुवटी छातीला टेकवायचं राहून जातं आणि डोकं मागे आपटतं.

कुमीकाता:
रांदोरी किती वेळाची ठेवू? अजून चार मिनिटं सलग घेतोय.

निळा_गी:
मिनिटाची ठेवा, जोडीदार बदलत. मध्ये श्वास जागेवर येऊ द्या. पकडीशी झटापट न करता फेक लागू लागली की मग वाढवा.