वांगाची ट्यूब परत आणण्याबद्दल

वांगाचे डाग फिके पडले म्हणून घणसोलीच्या मेडिकलमधून आधी लावलेलीच ट्यूब परत आणू का, असं एकांनी विचारलंय. डॉक्टरांना न दाखवता नकोच. अशा ट्यूबमध्ये बहुतेकदा हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध), ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या गटातलं औषध) आणि स्टेरॉइड असं त्रिकूट असतं. साधारण ८ आठवड्यांत थांबवतात किंवा बदलतात. पुढे रेटलं की स्टेरॉइडने कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर उलट निळसर-काळे डाग उमटू शकतात, आणि ते जाता जात नाहीत.

लावायची फक्त रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, डागापुरता पातळ थर. क्रीम तपकिरी झाली असेल तर फेका. दिवसा एसपीएफ ३०चं सनस्क्रीन, शक्यतो टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं). नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावरून स्कूटरने फिरणाऱ्यांनी ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं. गरोदरपणात ही क्रीम लावू नये.