काटा मध्ये, तरी कापूस मळकट

फिल्म कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा बरोबर मध्ये आणूनही कापसाच्या शेताचे फोटो मळकट आले, म्हणजे मीटर बिघडलंय, असं एकाने लिहिलंय. मला तसं वाटत नाही. समोर कापूस आहे की काळी माती, हे मीटरला कळतच नाही. दिसेल ते मध्यम करडं, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं, असं धरूनच ते चालतं.

वेचणीला आलेल्या कापसाने फ्रेम भरली असेल तर मीटर सांगतं त्याहून एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्या (एक स्टॉप जास्त म्हणजे प्रकाश दुप्पट, एक कमी म्हणजे निम्मा). नांगरलेल्या काळ्या रानात उलट, एक स्टॉप कमी. नाहीतर माती राखेसारखी दिसते. मी पेन्टॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्यावर, केळीच्या पानावर मीटर धरून शिकलो; पान साधारण त्या मध्यम करड्याइतकंच उजळ असतं. पान विषयाच्याच उन्हात हवं, आणि त्याची चकाकी टाळायची. रावेर-यावलकडे पानांना काय तोटा!

पडताळा हवा असेल तर निरभ्र दुपारी आयएसओ १०० च्या फिल्मला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६ आणि शटर १/१२५ सेकंद. मीटर याहून दोन स्टॉप लांब गेलं तर आधी सेल बदला. के१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सला झाकण नसलं की सेल उतरतो. माझे दोन असेच गेले.