परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले स्वयंसेवक

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
आमच्या वाचनमंडळात ऑटोमन (तुर्की) सत्तेविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धावर चर्चा झाली, तेव्हा त्यात सामील झालेला इंग्रज कवी बायरन याचेच नाव सर्वांनी घेतले. परंतु तो १८२४ मध्ये मिसोलाँगी येथे तापाने वारला, लढताना नव्हे. अशा परदेशी स्वयंसेवकांचा युद्धाला प्रत्यक्ष उपयोग किती झाला?

उत्तर (महाल):
ग्रीसमध्ये लष्करीदृष्ट्या फारसा नाही. १८२२ मध्ये पेटा येथे त्यांची तुकडी जवळजवळ नष्ट झाली. मात्र बायरनच्या मृत्यूने युरोपातील लोकमत ढवळून निघाले, आणि १८२७ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांच्या आरमारांनी नावारिनोच्या उपसागरात ऑटोमन-इजिप्शियन आरमाराचा जो विध्वंस केला, त्यामागे त्या लोकमताचाही वाटा होता, असे माझे मत आहे.

उत्तर (सदर):
दक्षिण अमेरिकेत चित्र वेगळे दिसते. तेथे स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्या बोलिव्हार या नेत्याच्या सैन्यात दाखल झालेले अनेक ब्रिटिश व आयरिश शिपाई नेपोलियनविरुद्धची युद्धे संपल्यामुळे बेकार झालेले होते आणि पगाराच्या आश्वासनावर आले होते. तरीही १८२१ मध्ये काराबोबो येथे मोठी हानी सोसून त्यांनी आपली जागा सोडली नाही, आणि त्या विजयाने व्हेनेझुएलाचे स्वातंत्र्य जवळपास निश्चित झाले. ते पोटासाठी आले म्हणून त्यांचे बलिदान कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मंडळाच्या पुढील बैठकीत काराबोबोवरच बोलेन.