डीपीएफचा दिवा तिसऱ्यांदा लागला, आता काय करू?

मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी डिझेल, पण हल्ली रोजचं जाणं-येणं जेमतेम ४ किलोमीटर. इंजिन धड गरम होण्याआधीच पोचलेलो असतो. महिन्याभरात डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा तिसऱ्यांदा लागलाय. फिल्टरमधली काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, हे ठाऊक आहे. पण रीजनरेशन (म्हणजे गाडीने ही काजळी आपोआप जाळणं) सुरू झालं की नेमकी मी गाडी बंद करतो. चावी काढल्यावरही पंखा घोंघावत राहिला की कळतं, पुन्हा अर्धवट राहिलं.

खरी धास्ती वेगळीच. काल डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, आणि वास चक्क डिझेलचा! रीजनरेशनसाठी सोडलं जाणारं जास्तीचं डिझेल सिलिंडरमधून खाली उतरत असणार. मेकॅनिक म्हणतो, फिल्टर काढूनच टाकू. ते मला अजिबात करायचं नाही.

तर, आधी ऑइल बदलून मग हायवेला अर्धा-पाऊण तास पळवू, की थेट स्कॅनर लावून फोर्स्ड (मुद्दाम सुरू केलेलं) रीजनरेशन करून घेऊ? ऑइल लो-अ‍ॅशच (जळल्यावर कमी राख उरणारं) हवं ना? आणि एवढ्याशा फिरण्याला डिझेल ठेवण्यात अर्थ आहे का? डिझेल सोडून हायब्रिड घेतलेल्यांनी जरूर लिहा. (घरचे इलेक्ट्रिक म्हणतायत, पण पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही.)