मॉर्मनांना हाकललं ते धर्मापायी की मतांपायी?

उंबरठा:
अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची सुरुवातीची गोष्ट नेहमी एकाच चालीवर सांगतात: बिचारे श्रद्धाळू, धर्मवेड्यांनी त्यांना छळलं. मला हे पटत नाही. जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात पंथ स्थापला. देवदूताने सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला ग्रंथ दाखवला, असा त्याचा दावा. लोक हसले, चिडलेही. पण साक्षात्कार झालेले बाबा त्या भागात तेव्हा पैशाला पासरी होते.

खरी मारामारी मिसुरीत झाली. १८३१ साली स्मिथने तिथलं इंडिपेंडन्स हे गाव 'झायन' ठरवलं, म्हणजे देवाने नेमून दिलेली भूमी. दोन वर्षांत हजारावर माणसं येऊन वसली. आपसात व्यवहार, एकगठ्ठा मतं, आणि वर "ही जमीन शेवटी आमचीच" ही भाषा. त्यात मिसुरी गुलामगिरीचं राज्य आणि हे बरेचसे उत्तरेकडचे, जिथे गुलामगिरी चालत नसे. जुलै १८३३ मध्ये त्यांच्या वृत्तपत्रात राज्यात येऊ पाहणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांबद्दल लेख आला आणि गावकऱ्यांचा भडका उडाला. मतं, जमीन, गुलाम. धर्माचा नंबर चौथा.

जुनी वही:
चौथा? मग २० जुलै १८३३ ला जमावाने पहिल्यांदा काय फोडलं? छापखाना. तिथे स्मिथच्या साक्षात्कारांचं पुस्तक छापणं चालू होतं. छापलेले कागद रस्त्यावर भिरकावले. मेरी आणि कॅरोलाइन रोलिन्स या दोन बहिणी हाती लागले तेवढे कागद उचलून मक्याच्या शेतात लपल्या, म्हणून काही प्रती वाचल्या. त्यांच्या बिशपला, एडवर्ड पार्ट्रिजला, अंगाला डांबर फासून वर पिसं चिकटवली. जमीनच हवी होती तर पिसं कशाला?

पाटीपेन्सिल:
@जुनी वही, त्यांच्या वृत्तपत्रातला तो लेखही त्याच छापखान्यातून निघाला होता. धर्म आणि राजकारण एकाच यंत्रावर छापलं जात होतं, वेगळं कसं काढणार?

आणि मॉर्मनही धुतल्या तांदळासारखे नव्हते. ४ जुलै १८३८ ला स्मिथचा उजवा हात सिडनी रिग्डन भर सभेत म्हणाला की पुन्हा जमाव अंगावर आला तर एकमेकांचा नायनाट होईपर्यंत लढू. डॅनाइट नावाची त्यांची गुप्त टोळी होती. ऑगस्टमध्ये मिसुरीतल्याच गॅलटिन गावात मॉर्मनांनी मतदान करू नये म्हणून त्यांना अडवलं, तिथे दंगल झाली. ऑक्टोबरमध्ये मॉर्मनांच्या तुकड्यांनी त्याच गॅलटिनमध्ये जाळपोळ केली.

जुनी वही:
जाळपोळ झाली, मान्य. पण त्यावर राज्यपालाचं उत्तर काय? २७ ऑक्टोबर १८३८ चा लिलबर्न बॉग्जचा हुकूम: मॉर्मनांना शत्रू समजा, आणि शांततेसाठी गरज पडली तर नायनाट करा नाहीतर राज्याबाहेर घालवा. एका राज्याचा प्रमुख आपल्याच नागरिकांबद्दल हे कागदावर लिहितो! तीन दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीत सतरा जण मारले. दहा वर्षांचा सार्डियस स्मिथ लोहाराच्या भात्याखाली लपला होता, त्याला तिथेच गोळी घातली. त्याचं एकगठ्ठा मत कुठे होतं?

उंबरठा:
हॉन्स मिलचं समर्थन मी करत नाही, कोणीच करू नये. पण मारेकऱ्यांपर्यंत तो हुकूम पोचला होता असा पुरावा नाही. आणि बॉग्ज स्वतः इंडिपेंडन्सचा, हे विसरू नका. भांडण त्याच्या घरचंच होतं. शिवाय मॉर्मनांनी कसायला घेतलेल्या डेव्हिस काउंटीतल्या (गॅलटिनच्या जिल्ह्यातल्या) जमिनी त्यांना हाकलताच सरकारी विक्रीला निघाल्या. नुसता योगायोग?

जुनी वही:
योगायोग नाही. पण "यांना लुटलं तर चालतं" हे कुणाबद्दल वाटलं, हा माझा प्रश्न. ते धर्मानेच ठरवलं. मिलिशियाच्या, म्हणजे राज्याच्या नागरी फौजेच्या, एका अधिकाऱ्याला, अलेक्झांडर डॉनिफनला, पकडलेल्या जोसेफ स्मिथला गोळ्या घालायचा हुकूम मिळाला. तो म्हणाला, हा थंड डोक्याने केलेला खून होईल, मी हुकूम पाळणार नाही. म्हणजे त्या काळीही कळणाऱ्याला कळत होतं.

कॅन्ससकर:
मी मिसुरीजवळच राहतो. स्मिथला १८३८-३९ च्या हिवाळ्यात ज्या लिबर्टीच्या तुरुंगात ठेवलं, त्याची प्रतिकृती आता एका इमारतीच्या आत आहे. वाकून बघावं लागतं. पण मला जास्त बोचतं ते पुढचं, इलिनॉयमधलं. मिसुरीतून निघून त्यांनी मिसिसिपीच्या काठी नॉवू वसवलं. दोन्ही पक्ष मतांसाठी दारात उभे, म्हणून १८४० मध्ये शहराची सनदही भरघोस मिळाली: स्वतःचं न्यायालय, स्वतःचं सैन्य. स्मिथ महापौर, सेनापती, प्रेषित आणि १८४४ ला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारसुद्धा.

मग त्याच्याच फुटलेल्या माणसांनी 'नॉवू एक्स्पॉझिटर' काढलं, त्यात त्याच्या गुप्त बहुपत्नीत्वाला वाचा फोडली. एकच अंक निघाला, ७ जून १८४४ ला. १० तारखेला नगरपरिषदेच्या ठरावाने छापखाना मोडून छपाईचे खिळे रस्त्यावर टाकले. अकरा वर्षांपूर्वी ज्यांचा छापखाना असाच मोडला, त्यांनीच!

पाटीपेन्सिल:
+१. आणि त्याचीच किंमत मोजली. अटक, कार्थेजचा तुरुंग. इलिनॉयचा राज्यपाल फोर्डने संरक्षणाचा शब्द दिला होता. २७ जूनला ओळख लपवायला तोंडाला काळा रंग फासलेला जमाव आत घुसला, जोसेफ आणि भाऊ हायरम दोघेही ठार. खटला पाच जणांवर चालला, पाचही सुटले.

पुढची तारीख:
थोडं विषयांतर. पुढे पश्चिमेला युटात गेल्यावर बहुपत्नीत्वावरून त्यांची सुप्रीम कोर्टाशी जुंपली. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात कोर्टाने चक्क सतीचं उदाहरण दिलं: श्रद्धा म्हणून बाई चितेवर बसली तर सरकारने बघत राहायचं का? आणि १८९० च्या दुसऱ्या मॉर्मन खटल्याचा, डेव्हिस विरुद्ध बीसनचा, दाखला १९५१ मध्ये मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायाधीश छागला साहेबांनी नरसू अप्पा माळी खटल्यात दिला, हिंदू द्विभार्याबंदी कायदा टिकवताना.

उंबरठा:
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. @जुनी वही, चौथा नंबर मागे घेतो. पहिला मात्र देणार नाही. नॉवूत शेजाऱ्यांना धर्म आधीपासून ठाऊक होता, चार वर्षं चालवूनही घेतला. बिनसलं ते सैन्य आणि मतं डोईजड झाल्यावर.

जुनी वही:
मग १८४६ च्या फेब्रुवारीत, प्रेषित मेल्यावर आणि सनद रद्द झाल्यावरही, त्यांना थंडीत नदीपार का काढलं, तेवढं सांगा.