रॉक मैफलींचे चित्रपट: मनात रुतलेला एक प्रसंग सांगा

आमच्या पिढीने रॉक आधी ऐकला आणि फार उशिरा पाहिला. कॅसेटच्या कव्हरवर अंगठ्याएवढा फोटो, त्यावरून अख्खा बँड डोक्यात उभा करायचा. म्हणून यातली पहिली फिल्म पाहिली तो दिवस विसरता येत नाही. आवडत्या रॉक माहितीपटाबद्दल किंवा कॉन्सर्ट फिल्मबद्दल लिहा. यादी नको, एकच प्रसंग सांगा, जो नुसतं ऐकून कळला नसता.

सुरुवात मी करतो. 'द लास्ट वॉल्ट्झ'. २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड, 'द बँड' नावाच्या रॉक गटाची निरोपाची मैफल, दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी. ब्लूज गायक मडी वॉटर्स 'मॅनिश बॉय' गायला उभा राहिला तेव्हा बाकीचे कॅमेरे रीळ बदलायला थांबले होते. चालू होता तो एकट्या लास्लो कोवाक्सचा. त्यामुळे नजर मडीवरून हलतच नाही. हा आवाज मी कितीतरी वर्षं ऐकत होतो आणि तो तिशीतल्या माणसाचा धरून चाललो होतो. समोर साठी ओलांडलेला माणूस उभा होता.

डोंबिवलीकर

'आयर्न मेडन: फ्लाइट ६६६'. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात आम्ही चौघं होतो. दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून होती. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत होता, बँड आणि सगळं सामान त्याच विमानात. त्या रात्री मला दिसली ती पुढच्यांची डोकी आणि धूळ. पुढच्या वर्षी फिल्म आली तेव्हा कळलं, आपण कशात उभे होतो.

चौघांतला एक आता कॅनडात असतो. वर्षातून एकदा तरी फोन चालू ठेवून आम्ही दोघं एकाच वेळी फिल्म लावतो आणि मुंबईची गर्दी आली की थांबवतो. "जरा मागे घे. अजून थोडं. तो काळा टीशर्ट बघ." तिथे सगळेच काळ्या टीशर्टात आहेत. अजून सापडलो नाही, शोधणं सोडलेलं नाही.

आणि कोलंबियातला तो माणूस. निको मॅकब्रेनची ड्रमची काठी त्याच्या हातात आलीय आणि तो रडतोय. त्याच्याकडे बघताना माझे डोळे दरवेळी भरतात.

आधी आकार

'द बीटल्स: गेट बॅक' जवळपास आठ तासांची आहे, पण माझ्यासाठी त्यातली मोजकी मिनिटं पुरेशी. जानेवारी १९६९. जॉन अजून आलेला नाही. पॉल बेस गिटारवर एकच ठेका घासतोय, तोंडाने काहीतरी अर्थ नसलेलं. जॉर्ज जांभई देतो. आणि बघता बघता त्या घासण्यातून 'गेट बॅक'ची चाल वर येते. आमच्या बाईंना बंदिश बांधताना मी असंच पाहिलंय. शब्द मागाहून येतात.

साउंडवाला, पुणे

आवडती म्हणवत नाही, पण सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली: 'गिमी शेल्टर'. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांची. ६ डिसेंबर १९६९, कॅलिफोर्नियातलं अल्टामाँट, रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम. जागा आयत्या वेळी बदललेली, स्टेज अगदी बुटकं, आणि ते राखायला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी. मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या मुलाला तिथे भोसकून मारलं. पुढे संकलनाच्या टेबलावर तेच चित्रण स्टोन्सचा गायक मिक जॅगर याला दाखवतात, मागे घेऊन, सावकाश.

लोक त्या वेळी जॅगरचा चेहरा बघतात. मी स्टेजची उंची बघतो. माझं कामच ते आहे. आठ वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या कार्यक्रमात मागून रेटा आला, पुढचा कठडा आडवा झाला आणि त्याखाली एका मुलीचा पाय सापडला. त्यानंतर ही फिल्म पाहिली. आता कुणी आयोजक म्हणाला, "स्टेज थोडं खाली घ्या, पोरांना जवळ वाटेल," तर मी ते काम घेत नाही.

रात्रपाळी

पिंक फ्लॉइड, 'लाइव्ह ॲट पाँपेई'. ऑक्टोबर १९७१, रिकामं रोमन रंगमंडल, बसायला आलेला एकही श्रोता नाही. टाळ्या नसल्या की सूर कुठे विरतो ते ऐकू येतं. हेडफोन लावूनच बघा.

मिरजेची

'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जॉर्ज हॅरिसन, एरिक क्लॅप्टन, बॉब डिलन सगळे नंतर. सुरुवातीला रविशंकरांची सतार, अली अकबर खाँचा सरोद, अल्लारखाँचा तबला, कमला चक्रवर्तींचा तंबोरा. वाद्यं लावून होतात आणि लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. रविशंकर म्हणतात, लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं याहून आवडेल अशी आशा आहे.

आपल्याकडे हा किस्सा त्या श्रोत्यांना हसण्यासाठी सांगतात. मीही तसाच सांगायचे.

आमच्या गल्लीत सतारी-तंबोरे करणारे एक चाचा होते. पंढरपूरकडून आलेले भोपळे त्यांच्या माळ्यावर टांगलेले असायचे. नजर अधू झाली होती, पण जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, काढायचे ते कानावर आणि बोटांवर. एका दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि ही फिल्म लावली. ते मांडीवरच्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवत होते, छेडत होते, पुन्हा सरकवत होते. टाळ्या झाल्या, मी हसले. त्यांचा हात थांबला.

"हसतीस कशाला?" ते म्हणाले. "पन्नास वर्षं वाद्यं लावून द्यायलोय. लावण्याला टाळी पडलेली आज ऐकली."

मग सतार सुरू झाली, सरोद आला. चाचांनी थोडं ऐकलं आणि हाताने थांबवायची खूण केली.

"हे बघू मागनं. ते लावणं परत लाव."