पाळकसाहेब गप्प झालेत. कमिटीनं काय करावं?

प्रश्न – खानापूरकर
साठेक घरांची आमची चर्चची मंडळी, पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू. सकाळी मराठी उपासना, मग कन्नड, दुपारी शेजारच्या गावात प्रार्थनासभा. पाळकसाहेब घरभेटी टाळतात, उपदेश जुनेच येतात, विचारलं की "प्रभूच्या कृपेनं बरं आहे." कमिटीत निम्मे म्हणतात बदली मागा, निम्मे म्हणतात उपास-प्रार्थना ठेवा. आमच्या हातात याशिवाय काही आहे का?

माजी खजिनदार
बदलीचा अर्ज ठेवा बाजूला, आधी त्यांच्या आठवड्याचा हिशेब कागदावर मांडा. एका नव्या उपदेशाला आठ-दहा तास सहज जातात. सेमिनरी, म्हणजे पाळकाचं शिक्षण, कन्नडात किंवा इंग्रजीत झालेली असेल तर मराठी उपदेशाला आणखी. त्यात मयत आली की रात्री फोन, सकाळी दफन, पुढं त्या घरच्या प्रार्थना.
सोमवारची सुट्टी हमखास बुडते, कारण रविवारी चर्चच्या दारात बोलायचं राहिलेलं लोक सोमवारी घेऊन येतात. म्हणून सुट्टी शुक्रवारी ठेवा, रविवारच्या सूचनांत वाचून दाखवा, त्या दिवशी फोन सेक्रेटरीकडे. मयत आणि दवाखाना सोडून बाकी सगळं उद्यावर.
महिन्यातून एक रविवार शेजारच्या मंडळीशी पाळकांची अदलाबदल करा. तिकडं जुना उपदेश नवा असतो की ओ, तेवढीच तयारी वाचते. घरभेटीही वाटून घ्या, पंचांना दहा-दहा घरं. बायबलात निर्गम १८ मध्ये इथ्रोनं जावयाला, मोशेला हेच सांगितलं होतं.

समुपदेशक, बेळगाव
सुट्टीनं भागणार का, ते आधी बघा. दोन आठवडे रोज उदास, पहाटे तीनला झोप मोडते, जेवण सुटलंय, वाचनात मन नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्याचा विश्वास कमी-जास्त असण्याशी संबंध नाही. अशा माणसाला उपास धरायला लावू नका. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा दूत त्याला भाकर-पाणी देतो, झोपू देतो, उठवून परत खाऊ घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर.
खरी अडचण गुप्ततेची. बेळगावात मानसोपचाराच्या दवाखान्यात बसलं की मंडळीतली कोणी ना कोणी नर्स तिथं भेटतेच! धारवाडचं डिमहान्स हे मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय त्या मानानं सोयीचं. नाहीतर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६: फुकट, चोवीस तास, कन्नड-मराठी दोन्ही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि जरा बरं वाटलं की लोक त्या परस्पर बंद करतात. तिथंच दुखणं उलटतं.
विचारायला एकानंच जावं. समोर तीन खुर्च्या मांडल्या की ती चौकशी होते. "जगणं नको वाटतं का?" असं सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणाले तर एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक हलवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

निपाणीकर
पाळकीणबाईंचं कुणीच नाव काढलं नाही. महिला मंडळ, संडे स्कूल, आल्यागेल्याचा चहा. पगार एकाचा, राबतात दोघं. पाळकनिवास मंडळीचं, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत. पन्नाशीनंतर ही काळजी रात्रीची झोप खाते. त्यांच्या नावावर पीपीएफ उघडा आणि भरणा मंडळीनं करा: वर्षाला किमान ५०० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं. मुदत बघता चाळिशीतच सुरू व्हायला हवं.
अर्पणाची पिशवी पाळकांच्या हातात देऊ नका. दोघांनी मोजायचं, नोटांची चिठ्ठी, दोन सह्या, सोमवारी बँक. हिशेबावरून कुजबुज सुरू झाली की चांगला माणूस आतून तुटतो.
आणि सीमाभागाचं वेगळंच. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस; पाळक कुठंही दिसले तरी निम्मी मंडळी नाराज. "पाळक दोन्हीकडे जाणार नाहीत" असा ठराव कमिटीनंच करावा, म्हणजे नकार त्यांच्या तोंडून जात नाही.

खानापूरकर
हिशेब या रविवारी मांडतो. पण शुक्रवारी आमच्याकडे उपास-प्रार्थना असते.

माजी खजिनदार
मग मंगळवार. आणि त्या दिवशी कमिटीची मीटिंग लावू नका.